नोंदवहीत नसलेलं

परभणीच्या शिशुगृहाच्या नोंदवहीत तू अशी आहेस:
मुलगी. वय अंदाजे एकोणीस दिवस.
वजन दोन किलो शंभर.
हिंगोलीकडून आणली, पोलिसांच्या जीपनं, रात्री साडेनऊला.
सोबत एक टॉवेल, कडेला निळी पट्टी.

नाव संस्थेनं ठेवलं, अन्विता.
मी साळू म्हणायची.

पहिले दहा दिवस तू रडलीच नाहीस.
ओली झालीस तरी नाही,
दुधाची वेळ टळली तरी नाही.
पंख्याकडं बघत पडून राहायचीस,
पंखा बंद असला तरी.
नसीमबाजी म्हणाल्या, लई गुणाचं लेकरू, तरास म्हणून नाही.
मलाही तसंच वाटलं. तेवीस लेकरं, आम्ही तिघी,
एखादं गप्प असलं की बरंच वाटतं, खोटं कशाला बोलू.

लोहगावकर डॉक्टरीणबाईंनी मात्र
कानातली नळी काढून बाजूला ठेवली.
म्हणाल्या, सोजरबाई, छाती साफ आहे हिची.
पण रडणं म्हणजे हाक असते.
कुणी येतच नाही असं कळलं
की लेकरू हाक मारणं सोडून देतं.
मग त्या मेंदूचं सांगत बसल्या,
कसा तंतू तंतूला धरतो याच महिन्यांत,
कुणी जवळ घेतलं की धरतो,
नाही तर सुटा राहतो.

मला भाकर आठवली.
जवारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते.
कितीही थापा, कडेनं चिरतेच.
तसल्या पिठात आधणाचं पाणी घालावं लागतं,
आणि चटका सोसत, तळहाताच्या बुडानं
मळावं लागतं, मळावं लागतं,
मग कुठं ते एकमेकाला धरतं.
मी म्हणलं, बाई, कळलं.

मग मी तुला मळलं.
वाटीत करडईचं तेल कोमट करून
पाठीचा कणा वरून खाली, एकेक मणी.
मग डाव्या खांद्याशी, पदरात घट्ट बांधून
सगळी कामं: बाटल्या उकळणं,
लंगोट वाळत घालणं, पालीला हाकलणं.
आणि बोलणं. मी काय बोलणार?
कांद्याचा भाव बोलायची.
जिनिंगचा भोंगा झाला की म्हणायची, ऐक, मामा बोंबलला तुझा.
माझा पोरगा पुण्याहून फोन करत नाही
हे पण तुलाच सांगितलं.
तू माझ्या तोंडाकडं बघायचीस,
नवख्या गावात उतरलेलं माणूस
पाट्या वाचतं तसं.

आणि एका रात्री, तीनला,
तुला पाळण्यात ठेवून मी दूध तापवायला गेले
तर तू रडलीस.
कसलं रडणं ते! चिडून, हक्कानं,
थकलेलं भाडं मागायला आल्यागत.
खोलीतली बावीस लेकरं उठली.
दूध उतू गेलं, गॅस विझला,
मी अनवाणी धावले, ओरडत,
आले, आले गं, आले,
आणि नसीमबाजी दारात उभ्या,
डोळ्याला ओढणी लावून हसायलत्या.

नोंदवहीत त्या रात्रीपुढं लिहिलंय:
दूध साठ मिली. वाया एक लिटर.

आठव्या महिन्यात दोघं आले, चिपळूणचे.
बाई सारखी हात पुसत होती पदराला.
तिनं विचारलं, हिला काय काय लागतं?
लांबलचक यादी होती माझ्याकडं,
तोंडातून एवढंच निघालं,
डावा खांदा. डाव्या खांद्यावर लगेच झोपते.
तिच्याकडं जाताना तू रडलीस.
ती घाबरली.
मी म्हणलं, रडू द्या. रडता येतं हिला.

तुला मी आठवणार नाही.
डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलंय,
इतक्या लहानपणचं काही आठवत नसतं म्हणे.
बरंय. भाकरीत कुठं पाणी दिसतं?
पण तिकडं कधी पडशील, हरशील,
अंधारात एकटी बसशील
आणि हाक निघेल आपोआप,
कुणीतरी येईलच अशी,
तेव्हा ती कुठून आली ते शोधत बसू नकोस.

इकडं मला अजून तीनला जाग येते.
घरात लेकरू नाही, पाळणा नाही.
मी उठून बसते,
पाय चप्पल शोधत नाहीत,
आणि तोंड म्हणून जातं,
आले, आले गं.